लाकडी मोटारीची मागची फळी

आधी कबूल करा, मधेच कुणी हसायचं नाही. मधे हसलात की माझी लिंक तुटते, आणि मग आतून आमच्या घरची मंडळी येऊन हीच गोष्ट माझ्यापेक्षा जास्त तिखटमीठ लावून सांगतात. त्यापेक्षा माझ्या तोंडून ऐका, थोडी तरी अब्रू शिल्लक राहील.

तर मंडळी, मी एकदा चालत्या मोटारीतून पडलो.

त्यात काय एवढं, म्हणाल. माणसं पडतातच. पण स्वतःसाठी मुलगी बघायला जाताना कुणी पडलाय का? आणि नवरदेव पडला हे मोटारीतल्या अकरा माणसांना मुलीच्या दारात पोचेपर्यंत कळलं नाही, असं कुठे ऐकलंय? हसलात ना! म्हणून म्हणत होतो.

गोष्ट निजामाच्या राज्यातली, दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची. माझे आईवडील मी लहान असतानाच गेले. मला वाढवलं डोंगरकड्याच्या मामा-मामींनी. मामांची जमीन मोठी आणि घरात माणसं म्हणाल तर पंगत कधी उठायचीच नाही. औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जायचं ठरलं की दोन छकडे आणि एक दमणी जुंपावी लागायची. दमणीला छत, गादी आणि पळणारे बैल, म्हणून सगळ्यांना दमणीतच बसायचं असायचं. मग रुसवेफुगवे! छकड्यात बसावं लागलेली बाई नागनाथासमोर हात जोडून उभी राहिली तरी तोंड वाकडंच.

शेवटी एकदा मामा वैतागले. "आता मोटारच आनतो. सगळं घर एका टायमाला, एका गाडीत. कटकटच नको!"

मोटार आणायची कुणी? तर मी. कारण मी मोटारीतला जाणकार! हैदराबादेत दोन वर्षं शिकायला होतो ना. आता तुमच्यापासून काय लपवू, त्या दोन वर्षांत मी मोटारीत एकदाच बसलो होतो. कुणाची तरी मोटार चढावर बंद पडली, आम्ही चार पोरांनी ढकलली, आणि त्या भल्या माणसाने आम्हाला पुढच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन सोडलं. पण गावी आल्यावर मी असा बोलायचो की जणू इंजिन माझ्याच मांडीवर लहानाचं मोठं झालंय.

हैदराबादेत एका मिस्त्रीच्या आवारात तीन जुन्या मोटारी होत्या. दोन काळ्या, लोखंडी, चकचकीत. तिसरी मात्र वेगळीच. पुढचं नाक मोटारीचं आणि मागचं सगळं अंग लाकडाचं! मधाच्या रंगाच्या फळ्या, त्यांच्यावर गडद पट्ट्यांची चौकट, पॉलिशचा वास. लांबच लांब. दोन्ही बाजूंना खिडक्यांच्या रांगा, आत एकामागे एक तीन बाकं, कोट टांगायला पितळी खुंट्या. आणि पाठीमागे एक फळी, जी दोन साखळ्यांवर खाली उघडायची. उघडली की बसायला ओटा आणि लावली की भिंत. अहो, मोटार कसली, चाकांवरची ओसरी होती ती! मी तिथेच विरघळलो.

उस्मान नावाचा ड्रायव्हर त्या गाडीबरोबर नोकरीला यायला तयार होता. तो म्हणाला, "वो दो गाड्यां साब लोगां की है मियाँ. ये घरवाल्यां की है."

झालं. मी तीच घेतली.

डोंगरकड्यात मोटार शिरली तेव्हा अख्खा गाव चावडीसमोर जमला होता. एका म्हाताऱ्याने काठीने फळीवर टकटक केलं आणि अगदी भोळेपणाने विचारलं, "अन् बैलं कुठून जुपायची?"

मामांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "अरे लोकायनं लोखंडाची मोटार आनली, तू लाकडाची आनली काहून?"

"मामा, हिला स्टेशन वॅगन म्हणतात. स्टेशनावर उतरलेली सगळी माणसं, सगळं सामान एका खेपेत घरी."

"आपल्या डोंगरकड्याला टेसन हाय का?"

"हिंगोलीला आहे ना."

"मंग हिंगोलीलाच ठिवायची व्हती!"

मला वाचवलं मामींनी. त्या चढल्या, मधल्या बाकावर बसल्या आणि घरातल्या एकेकाला हाक मारून आत बसवत गेल्या. अकरा माणसं बसली, वर पाण्याची घागर आणि फराळाचा डबाही मावला. मामी खिडकीतून डोकं काढून म्हणाल्या, "आता कुनी दमनीसाठी रुसायचं न्हाई. बराबर आनली माझ्या नागोरावनं." मामींच्या पुढे मामा कधी बोलत नसत.

गावचा किसन सुतार मात्र गाडीभोवती तीनदा फिरला. फळ्यांवर बोटं आपटली, सांधे चाचपले. "लाकूड मुरलेलं हाय. जोडकाम झक्कास हाय," म्हणाला. मी खूश! मग तो मागच्या फळीपाशी वाकला. कडी खालीवर हलवून बघितली. "पन मालक, ही कडी झिजली. मोठा धक्का बसला की फळी उघडंल. छकड्याला बांधतो तशी एक चामड्याची वादी बांधून देतो."

वादी! माझ्या मोटारीला! मी म्हणालो, "किसनराव, ही मोटार आहे, छकडा नाही."

"लाकडाला कुठं ठावं असतंय, मालक, आपुन मोटारीत हाव का छकड्यात हाव?"

मी त्याला वादी बांधू दिली नाही. तिच्यामुळे गाडी गावठी दिसली असती ना!

आता मुलीचं सांगतो. कुरुंद्याच्या माणिकरावांची थोरली मुलगी, यमुना. शिवरात्रीला औंढ्याच्या जत्रेत आमच्या दमणीचं चाक रुतलं होतं. वीस माणसं भोवती उभी राहून वीस प्रकारचा सल्ला देत होती. ही बाजूच्या गाडीतून उतरली, एक दगड उचलून चाकामागे लावला आणि गाडीवानाला म्हणाली, "आता हाना." दमणी निघाली. ती वळून बघायलासुद्धा थांबली नाही. खरं सांगतो, त्या दिवसापासून मला दुसरी कुणी नको होती. कळमनुरीच्या तहसिलीत मी कारकून होतो तेव्हा. अर्जावर अर्जदाराचं नाव लिहायच्या जागी 'यमुना' लिहून ठेवलं आणि साहेबांच्या शिव्या खाल्ल्या.

पण माणिकराव जगावेगळे. लेकीला विचारल्याशिवाय होकार देत नसत, आणि लेकीने आधीची दोन स्थळं परत पाठवली होती. मध्यस्थाबरोबर आमच्याकडून निरोप गेला होता, 'मुलगा मोटारीतला जाणकार आहे.' तो निरोप कुणी पाठवला हे विचारू नका.

चैत्रातलं ऊन. आम्ही सगळे निघालो. बाकं घरच्यांनी भरली, म्हणून मी सगळ्यात मागे, सामानात. मामींना वाईट वाटलं. "नवरदेवानं सामानात बसायचं व्हय रे?"

"मामी, हीच मानाची जागा. हैदराबादेत नवाब मागेच बसतात," असं ठोकून दिलं. उकडत होतं म्हणून कोट आणि फेटा काढून पितळी खुंटीला टांगला, सतरंजीची वळकटी शेजारी घेतली, आणि फळी किती मजबूत आहे हे दाखवायला तिलाच पाठ टेकून पाय लांब केले.

कुरुंद्याच्या अलीकडे एक कोरडा ओढा लागतो. उतार संपून चढ सुरू झाला, उस्मानने गाडीला जोर दिला, एक दणका बसला. खाट!

पुढचं एवढंच आठवतं की आभाळ दिसलं. सतरंजी आधी पडली आणि मी तिच्यावर, म्हणून आज हा चहा पिऊन राहिलो तुमच्याबरोबर. डोळे उघडून बघतो तर धुळीच्या लोटात माझी लाडकी मोटार फळी लोंबकळत चढ चढून चाललेली! मी ओरडलो. पळालो. धोतर बोराटीत अडकून टरकन फाटलं. पण लाकडाचा खडखडाट एवढा की आत ढोल वाजला असता तरी ऐकू आला नसता.

आणि गंमत ऐका. मामींनी मागे वळून पाहिलं म्हणे. त्यांना मधल्या माणसांच्या डोक्यांवरून दिसलं काय, तर माझा कोट आणि फेटा. त्या कोटाला म्हणाल्या, "नागोराव, लाजू नको. इचारलं की नीट बोल." गाडी हिंदकळली, कोट हलला. मामींना वाटलं, पोरगं मान डोलावतंय.

इकडे मी उन्हात उभा. तेवढ्यात शेताकडून एक बैलगाडी आली, हळदीच्या पोत्यांनी भरलेली. गाडीवानाने विचारलं, "कोन हाव? हितं काहून उभे?"

आता मी काय सांगायचं? की मी मोटारीतला जाणकार आहे आणि मोटारीतून पडलो? म्हणालो, "कामाला चाललो. हळदीच्या."

"कुनाकडं?"

"मिळंल तिथं."

"मंग बसा वर. आमच्या मालकाकडंच चाला, हे पोते उतरायले मानूस पायजेच."

मी सतरंजी तिथेच झुडपाला टेकवली आणि पोत्यांवर चढलो. आडवाटेने गाडी निघाली. वाळलेली, घासलेली हळद होती. प्रत्येक धक्क्याला पोत्यांतून पिवळी भुकटी उडायची आणि घामाने निथळलेल्या माझ्या अंगावर बसायची. कपाळ, कान, मिशा, छाती, सगळं पिवळं! ऊन लागतं म्हणून गाडीवानाने एका रिकाम्या पोत्याची खोळ माझ्या डोक्यावर घातली.

वाटेत मी विचारलं, "तुमचे मालक कोण?"

"कुरुंद्याचे मानिकराव. आज त्याह्यच्या पोरीला पाव्हने येऊन राहिले. मोटार हाय म्हनं पाव्हन्यायची!"

उडी मारावीशी वाटली. पण एका दिवसात दोनदा पडायची हिंमत नव्हती.

गाडी माणिकरावांच्या परसात गेली. मोटार दारात नव्हती. पुढच्या ओसरीवरून मामांचा आवाज येत होता, "पोरगं वाटंत देवाला थांबलं. लई भाविक हाय. येऊनच राहिलं." म्हणजे मी हरवल्याचं कळलं होतं आणि उस्मानला गुपचूप शोधायला धाडलं होतं! तो सडकेने गेला, मी आडवाटेने आलो, चुकामूक झाली. अशा अवतारात ओसरीवर जाऊन 'मीच तो भाविक' असं कसं सांगणार? विचार केला, पोती उतरवू, विहिरीवर तोंड धुऊ, मग बघू.

एक पोतं उतरवलं. कंबर म्हणाली, बास. दुसरं उतरवत होतो तोच मागच्या दारातून ती आली. यमुना! हातात पाण्याचा तांब्या.

"पानी घ्या," म्हणाली. मी ओंजळ धरली. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. "कदीपासून करता हळदीचं काम?"

"लहानपणापासून."

"अन् बोटाला शाई?"

"पोत्यांवर नावं घालतो मी."

"असं व्हय." ती तिथेच उभी राहिली. "तुमी सडकेनंच आले असान. त्या नवरदेवाबद्दल काई ऐकलं का?"

आता सांगा, अशी संधी कोण सोडेल? मी म्हणालो, "ऐकलं ना! लई हुशार माणूस. मोटारीतला असा जाणकार साऱ्या मुलखात नाही. स्वभावाने सोनं."

"एवढा जानकार हाय, तर मोटार फळी लोंबकळत कशी आली? मी माळवदावरून पाह्यलं."

"ते... हवा खेळावी म्हणून उघडी ठेवतात."

"अन् चुकलं तर कबूल करनारा हाय का?"

"अगदी! त्याच क्षणी."

"बरं," म्हणाली आणि तांब्या घेऊन उंबऱ्यात बसली. "चालू द्या तुमचं काम."

तिच्यासमोर थांबणार कसा? तिसरं उतरवलं, चौथं उतरवलं. किती उतरवली कोण जाणे, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. शेवटचं पोतं टाकलं आणि त्याच वेळी दारात मोटार खडखडत आली. उस्मान उतरला आणि अख्ख्या ओसरीला ऐकू जाईल असा ओरडला, "मियाँ तो नै मिले मालक! सतरंजी मिली!"

मग मामींनी जो हंबरडा फोडला! मामांचा देवदर्शनाचा बनाव तिथेच उघडा पडला. "पडलं वो माझं पोरगं! मोटारीतून पडलं!"

माणिकराव घाईघाईने परसात आले. गाडीवानाला हाक मारली आणि माझ्या खोळीला धरून मला पुढे ओढलं. "ए हळदीवाल्या! पोते राहू दे. पळ वढ्याकडं, आमचे पाव्हने पडले तिथं. हुडकून आन त्यायला!"

मंडळी, मला मलाच शोधायला पाठवत होते!

मागून मामा आले. फेटा सुटलेला, डोळ्यांत पाणी. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले, पण पिवळ्या चेहऱ्यात त्यांना भाचा काही दिसला नाही. म्हणाले, "बाबा, लवकर जाय. पोरगं थोडं येडं हाय, फुशारक्या लई मारते. पन बिनआईचं हाय रे. मोटार गेली खड्ड्यात, माझं लेकरू आन."

आजवर मामांनी मला कधी लेकरू म्हटलं नव्हतं. मी खोळ काढली. "मामा, मीच आहे. पडलो होतो. किसनने सांगितलं होतं वादी बांध म्हणून, मी नाही ऐकलं."

मामांनी मला घट्ट मिठी मारली, नंतर एक मुस्काटात मारली, आणि त्यांचा पांढरा सदराही पिवळा झाला. मामी रडत रडत हसायला लागल्या. माणिकरावांना मात्र काय करावं कळेना. स्थळ पाहायला आलेला मुलगा, फाटकं धोतर, परसात हमाली! मला वाटलं, संपलं. तिसरं स्थळ परत.

तेवढ्यात माणिकरावांच्या थोरल्या बहीण, आत्याबाई, काठी टेकत बाहेर आल्या. मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि कपाळाला हात लावला. "अगं बया! पोरीला पाह्यच्या आधी हळद लावून आला व्हय हा?" मग भावाकडे वळल्या. "मानिका, अंगाला हळद लागलेला नवरदेव दारातून मोकळा लावून देत नसतात. बरं न्हाई ते. आता तू पोरीलाच इचार."

सगळे उंबऱ्याकडे वळले. यमुना तांब्या हातात धरून तशीच बसली होती. उठली, पदर सावरला आणि आत्याबाईंना म्हणाली, "माझं व्हय हाय. पन त्या फळीला वादी बांधून घ्या म्हनावं, अन् ह्यायला मधल्या बाकावर बसवा."

अशी मला बायको मिळाली! डोंगरकड्याला परतल्याबरोबर किसनकडे गेलो. त्याने इतकी जाड वादी बांधली की तिने एखादा माजलेला बैलही आवरला असता. लग्नाला त्याच लाकडी गाडीतून गेलो, मधल्या बाकावर, एका बाजूला मामी आणि दुसऱ्या बाजूला मामींची बहीण, दोघींनी माझे दंड धरलेले. दर अर्ध्या मैलावर मामा पुढून ओरडायचे, "हाय का रे?" आणि मी म्हणायचो, "आहे!"

लग्नानंतर वर्षभराने, असाच चहा घेत असताना, मी मोठ्या ऐटीत यमुनेला म्हणालो, "पण मानलं पाहिजे, त्या दिवशी मी सोंग काय वठवलं! प्रत्यक्ष मामांनी ओळखलं नाही."

ती सुपातले तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी ओळखलं व्हतं की. दुसऱ्या पोत्याला. हमालाच्या बोटाला कुठं शाई असते?"

मी थक्क! "मग बोलली काहून नाहीस?"

"बोलनार कशी? अजून सोळा पोते उतरायचे व्हते!"